भाडं दुपारचंही लागतं

मुंबईच्या उपनगरात सव्वाशे खुर्च्यांचा हॉल चालवणाऱ्या एखाद्या संस्थेचं आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडून पाहावं. सकाळी १० ते रात्री १० असे रोजचे १२ तास धरले, तर आठवड्याचे ८४ होतात. समजा, शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी तीन-तीन तासांचे कार्यक्रम आहेत आणि मधल्या दिवसांत गाण्याचे-तबल्याचे वर्ग मिळून आणखी ६ तास भरतात. म्हणजे १२ तास जागा वापरात आणि ७२ तास कुलूप. भाडं, वीज, झाडलोट, रखवालदार असा महिन्याचा खर्च ९० हजार धरला, तर वापरलेल्या प्रत्येक तासावर सुमारे १,७०० रुपयांचा बोजा पडतो. तोच हॉल आठवड्याला आणखी १२ तास उघडला, तर विजेचं बिल थोडं वाढूनही हा बोजा जवळपास निम्म्यावर येतो.

गाण्याच्या छोट्या जागा बंद पडतात तेव्हा चर्चा होते ती रसिक कमी झाल्याची, मोबाइलची, नाहीतर बिल्डरची. ही कारणं खरीच आहेत, पण त्या ७२ तासांकडे सहसा कोणी पाहत नाही. उपनगरातली छोटी जागा तगवायची असेल, तर संध्याकाळच्या कार्यक्रमांची संख्या वाढवण्यापेक्षा दुपार उघडणं जास्त उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. दुपार उघडायची म्हणजे वर्गांना भाड्यानं द्यायची असं नव्हे. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ असा गाण्याचा, नाचण्याचा, खाण्यापिण्याचा जाहीर मेळा भरवायचा. तरुण मुलं त्याला डे पार्टी म्हणतात. नाव काहीही द्या, दिवेलागणीच्या आत सगळे घरी पोचतील अशी त्याची बांधणी असली म्हणजे झालं.

उपनगर ही मुंबईची कडा आहे असं अजूनही बोललं जातं. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती आणि उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख. म्हणजे दर चार मुंबईकरांतले तीन माहीम-शीवच्या पलीकडे राहतात. अंधेरी १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. नाटकांची मोठी सभागृहं त्यानंतर सावकाश आली. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही महापालिकेची नाट्यगृहं आहेत आणि ती नाटकांनी, गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांनी भरतात. पार्ल्यात १९२३ साली स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांनी आपली सभागृहं पिढ्यान् पिढ्या जपली. पण ज्याला अजून कोणी ओळखत नाही अशा गायकानं, ज्यांचं पहिलंच गाणं बसतंय अशा बँडनं, सव्वाशे माणसांसमोर चुकतमाकत शिकावं अशी जागा उपनगरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

नव्या संगीताच्या ज्या जागा शहरात आणि उपनगरात होत्या त्यांची कथा बोलकी आहे. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात भरायचा. रंगभवनाला लागून सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच जी. टी. आणि कामा ही रुग्णालयं. शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि खुल्या रंगमंचावरचं गाणं थांबलं. महोत्सव पुढे काही वर्षं अंधेरीच्या चित्रकूट मैदानात आला. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरसमध्ये नव्या बँडची एक पिढी घडली, आज ती जागा नाही. अंधेरीत नवोदितांसाठी बी-६९ नावाची छोटी जागा निघाली, तीही टिकली नाही. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ साली धूमधडाक्यात उघडलं आणि २०१६ साली बंद झालं. सध्या वर्सोव्याच्या आराम नगरात हरकत, रंगशीला, वेदा अशा लहान जागा बैठ्या बंगल्यांतून प्रयोग करतात. दुसऱ्या महायुद्धात लष्करी बराकी म्हणून उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीवर पुनर्विकासाची टांगती तलवार कायम आहे.

रॅझबेरी, ब्लू फ्रॉग यांसारख्या बँडच्या जागा चालायच्या त्या मुख्यतः बारच्या गल्ल्यावर. गाणं ऐकायला माणसं बोलवायची आणि पैसा दारूतून काढायचा, हे शहरांतल्या ‘लाइव्ह म्युझिक’चं जुनं गणित आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. त्यामुळे मुंबईतलं सर्वांत जिवंत तरुण संगीत, म्हणजे रॅप, ज्या वयात ऐकलं आणि रचलं जातं त्या वयाच्या मुलांना ते सादर होतं त्या जागेत पाऊल ठेवता येत नाही. डिव्हाइन अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरातून आला, नेझी कुर्ल्यातून. या पोरांनी बागेत, गल्लीत, स्टेशनबाहेर घोळका करून दिवसाढवळ्या रॅप केलं, कारण त्यांना दुसरी जागाच नव्हती. ‘गली बॉय’ २०१९ साली आला, जगभर गाजला. १६ वर्षांच्या मुलासाठी जागेचा प्रश्न होता तिथेच आहे. दारूविना चालणारी दुपार या मुलासाठी आणि त्याच्या आईबापांसाठीही दार उघडते.

दारूविना गाणं चालेल का, ही शंका मुंबईनं घ्यावी हे आश्चर्य आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतरच्या दोन दशकांत चर्चगेटच्या रस्त्यावर गेलॉर्ड, व्होल्गा, बॉम्बेलीज, व्हेनिस अशा रेस्तराँमध्ये बँड वाजत होते. वाजवणारे बहुतेक गोवेकर. दिवसभर हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन किंवा ट्रम्पेट वाजवायचं आणि रात्री इथे जॅझ. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले अँतोनियो झेवियर वाझ यांच्यातलेच. कॉलेजातल्या मुलामुलींसाठी रविवारी दिवसा ‘जॅम सेशन’ व्हायची. कोल्ड कॉफीवर मुलं नाचायची आणि जेवायच्या वेळेला घरी असायची. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या २०१२च्या पुस्तकात त्या काळातली मुंबई भेटते. अलीकडे ‘कॉफी रेव्ह’ या नावानं जे नवं म्हणून आलं आहे, त्याची पणजी चर्चगेटला होती.

शास्त्रीय संगीताला दुपार परत मिळाली ती कायद्यामुळे, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला तो रात्रभर चालणारा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ च्या निकालात ही बंदी पक्की केली. सवाईची रात्र गेली, रसिक हळहळले. पण महोत्सव दुपारी सुरू होऊ लागला आणि वर्षानुवर्षं मैफलीत न ऐकलेले राग मंचावर आले. आपल्याकडे रागांना वेळा आहेत. वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग माध्यान्हीचे. भीमपलास, पटदीप, मुलतानी उतरत्या दुपारचे. मैफल कायम संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली तर श्रोता आयुष्यभर पूरिया, यमन, बागेश्री ऐकत राहतो आणि मुलतानीशी त्याची गाठ पडते ती फक्त रेकॉर्डवर. शिष्य वर्गात मुलतानी शिकतो आणि त्याला तो गायला वेळच मिळत नाही. उपनगरातल्या एखाद्या हॉलनं महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ३ वाजता फक्त दुपारचे राग ठेवले, तर ती सगळ्या शहरात दुर्मीळ गोष्ट ठरेल. सकाळचं काम पंचम निषाद या संस्थेच्या ‘प्रातःस्वर’नं प्रभादेवीला केलं आहे, आणि दिवाळी पहाटेला पहाटे साडेपाचला आंघोळ करून हॉल भरणारे लोक याच उपनगरांतले आहेत.

दिवसा उपनगरात असतं कोण? सकाळी आठ-नऊला गाड्या भरून दक्षिणेकडे जातात, त्यानंतर मागे उरतात निवृत्त माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, रात्रपाळीवाले, घरून काम करणारे. संध्याकाळच्या कार्यक्रमातून नेमकी हीच माणसं गळतात. सत्तरीच्या काकांना रात्री रिक्षा मिळत नाही आणि रस्त्याचे खड्डे दिसत नाहीत. साडेसात ही घरात पोळ्यांची वेळ. एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘सातच्या आत घरात’ हे आजही ऐकावं लागतं. ती बंधनं योग्य की अयोग्य हा वाद जरूर घालावा. पण तो निकालात निघेपर्यंत त्या मुलीला गाणं ऐकायला मिळू नये असं थोडंच आहे?

ब्रिटनमध्ये नेमक्या याच अडचणीतून एक अख्खी चळवळ उभी राहिली. १९८० च्या दशकात ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅम, लंडन इथल्या पंजाबी, गुजराती, पाकिस्तानी घरांतल्या मुलींना रात्री बाहेर जायला परवानगी नव्हती. म्हणून भांगडा बँडचे कार्यक्रम भर दुपारी होऊ लागले. त्यांना ‘डेटायमर’ म्हणत. मुली शाळा-कॉलेजच्या वेळेत घरून निघायच्या, तिथे कपडे बदलायच्या, नाचायच्या आणि संध्याकाळी वेळेवर घरी. आलाप, हीरा अशा बँडनी ही गर्दी अनुभवली. रिकामे पडलेले क्लब त्या वेळात भाड्यानं स्वस्त मिळायचे, हा व्यवहाराचा भागही तितकाच महत्त्वाचा. २०२० साली तिथल्या दक्षिण आशियाई तरुण कलाकारांनी गट काढला तेव्हा नाव घेतलं तेच, डेटायमर्स. आणि २०२३ अखेरीस शेफील्डमध्ये अभिनेत्री विकी मॅक्लुअर आणि मंडळींनी ‘डे फीवर’ सुरू केलं ते तिशी ओलांडलेल्यांसाठी: दुपारी तीनच्या सुमारास सुरू, रात्री आठला बंद.

आपल्याकडचे दुपारचे कलाकार शोधायला लांब जावं लागत नाही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत निवृत्तांचे कराओके गट दुपारी छोट्या स्टुडिओत जमतात. रफी, मुकेश, आशाबाईंची गाणी तयारीनं गातात, एकमेकांचे वाढदिवस साजरे करतात. हे गाणं हौशी आहे म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. हॉलचा पाया हीच माणसं आहेत, कारण ती दर महिन्याला येतात आणि येताना दोघांना घेऊन येतात. मंगळागौरीचे खेळ करणारे महिलांचे संच श्रावणात दिवसाला दोन-दोन कार्यक्रम करतात. फुगडी, झिम्मा, पिंगा यांची ती ताकद आणि ताल बघितल्यावर त्याला नृत्य म्हणायला कोणी बिचकणार नाही. श्रावण-भाद्रपद सरला की हे संच मोकळे. बेंजो पार्टीतली पोरं गणपती, दहीहंडी आणि हळदीच्या हंगामात झोपत नाहीत आणि उरलेलं वर्ष हात चोळत बसतात. त्यांचं वाजवणं लोकांनी मिरवणुकीत नाचताना ऐकलेलं असतं. खुर्चीवर बसून, कमी आवाजात, एका वादकाची बोटं बघत ते ऐकलं की त्या वाद्यावरची हुकमत कळते. एकाच रविवारी ११ वाजता मंगळागौर, १ वाजता रॅप, ३ वाजता मुलतानी असा बेत मला खुळा वाटत नाही. अट एकच, मधल्या वेळेत हे सगळे जेवायला एकत्र असले पाहिजेत.

आता प्रत्यक्ष घडवायचं कसं. पहिली गाठ रेल्वेशी. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड हा ब्लॉक सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणजे आपल्या कार्यक्रमाच्या नेमक्या वेळेत. त्याचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं आणि तोवर आपली तारीख ठरलेली असते. म्हणून मुलुंड-घाटकोपरच्या हॉलनं रविवारचा श्रोता चालत किंवा रिक्षानं येणाऱ्यांतून शोधावा, किंवा सरळ शनिवार धरावा. मेट्रोनं मोठी सोय केली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि घाटकोपरच्या माणसाला अंधेरीला यायला दादरचा वळसा उरला नाही. दहिसर ते अंधेरी पश्चिम आणि पूर्वेकडची मार्गिका २०२३ च्या जानेवारीत पूर्ण झाल्या, त्यामुळे बोरिवलीही जोडली गेली. जाहिरातीत पत्त्याच्या आधी जवळचं मेट्रो स्टेशन आणि तिथून चालायला किती मिनिटं लागतात हे लिहावं. ज्येष्ठांसाठी जिने किती चढायचे तेही लिहावं. लिफ्ट नसेल तर ते लपवू नये.

दुसरी गाठ आवाजाशी. दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. रात्रीच्या मर्यादा यापेक्षा दहा-दहानं कमी. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. खासगी जागेत ध्वनिक्षेपक लावला तर तिच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. बंदिस्त सभागृहांना रात्री ध्वनिक्षेपक वापरायला सूट आहे, पण बाहेर पडणाऱ्या आवाजाला नाही, आणि तक्रार होते ती बाहेरच्याच आवाजाची. दिवसा १० डेसिबलची मोकळीक मिळते आणि रस्त्यावरच्या रहदारीत बरंचसं गाणं विरून जातं. म्हणून दुपारचा हॉल शेजाऱ्यांशी सलोखा ठेवून चालू शकतो. पण यातही एक मेख आहे. भिंत कितीही जाड असली आणि तिचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, मग तो खिडकीच्या फटीचा असो की एसीच्या भोकाचा, तर ती भिंत २० डेसिबलहून जास्त आवाज अडवूच शकत नाही. महागडे फोम चिकटवण्याआधी फटी बुजवा. दाराला खालून रबर लावा. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेर जाणारा आवाज तो फारसा रोखत नाही. खर्जाचा आवाज तर भिंतीतूनही जातो, आणि शेजारच्या आजींना गाणं ऐकू न येता नुसता धक्का जाणवतो. साउंडवाल्याला सांगून सब-वूफर जमिनीवरून उचलून घ्यावा, दोन मोठ्या पेट्यांऐवजी चार लहान पेट्या श्रोत्यांच्या जवळ लावाव्यात, ड्रम सेटऐवजी कहोन वापरावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो; पेटी श्रोत्याच्या जवळ असली की ती मुळातच कमी वाजवून भागतं.

आणि शेजाऱ्यांना आधी भेटा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्या काळात दुपारचा कार्यक्रम पेटीविना, नुसत्या बैठकीचा ठेवला तर सोसायटी वर्षभर आपल्या बाजूनं राहते.

परवान्यांचं प्रकरण कंटाळवाणं, पण टाळता येण्यासारखं नाही. जाहीर करमणुकीसाठी पोलिसांचा परवाना लागतो. अग्निशमनाच्या अटी काटेकोर पाळाव्यात. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, ते विसरता येणार नाही. बाहेर पडायच्या दुसऱ्या दारासमोर खुर्च्यांची चवड रचलेली असेल तर कार्यक्रम सुरू करूच नये. स्वामित्व हक्काचा भाग मात्र लोकांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. कोणाची तरी गाणी प्रत्यक्ष गायची असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना. ध्वनिमुद्रण वाजवायचं असेल तर रेकॉर्ड कंपन्यांचा वेगळा. हौशी मंडळानं तिकीट न लावता गाणी सादर केली तर कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, चाली मात्र नव्हेत: तुकोबांचा अभंग स्वतःच्या चालीत कोणीही गावा, पण श्रीनिवास खळ्यांच्या चालीवर त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत, हक्क राहतो. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर अशा संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराचं मानधनही दीड लाखापर्यंत करमुक्त. म्हणजे छोट्या हॉलला कायद्यानं अडवलं आहे त्यापेक्षा जास्त मोकळीक दिली आहे. ती माहीत नसते एवढंच.

दुपारच्या गर्दीला सांभाळायचं तर ऊन आणि पोट या दोन गोष्टी बघाव्या लागतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी आधी तासभर चालवून हॉल थंड करून ठेवावा. माणसं आत आल्यावर सुरू केलेला एसी शेवटच्या गाण्यापर्यंत कमीच पडतो. खिडक्यांना जाड गडद पडदे लागतातच, पण सगळा काळोख करू नये. अंधारात नाचणं ही रात्रीची सवय आहे. दुपारच्या मेळ्यात लहान मुलं धावत असतात, आजी सुपारी कातरत असतात, ओळखीचे चेहरे दिसले पाहिजेत. जेवण तिकिटातच धरावं की वेगळं विकावं? वेगळं विकावं असं मला वाटतं, कारण दारूचा गल्ला नसेल तर खाण्याचा गल्ला हाच हॉलचा आधार. कोकम, पन्हं, ताक, साबुदाणा वडा, अळूवडी, मसालेभात. परिसरातल्या बचत गटाच्या बायकांना हे काम द्यावं, म्हणजे त्यांची घरची माणसंही श्रोते होतात. चेन्नईच्या संगीत सभांनी हे फार पूर्वी ओळखलं. मार्गळी महिन्यातल्या त्यांच्या संगीत हंगामात कँटीनच्या पानाची चर्चा गायकाच्या बरोबरीनं होते. आणि तिथली आणखी एक रीत आपण जशीच्या तशी उचलावी: दुपारच्या मैफली नवोदितांसाठी आणि विनामूल्य, संध्याकाळच्या तिकीट लावून नामवंतांसाठी. आज संध्याकाळी गाणाऱ्यांतले कित्येक जण दुपारच्या त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर गाऊनच वर आले. चेंबूरच्या फाइन आर्ट्स सोसायटीत आणि शीवच्या षण्मुखानंदमध्ये ती परंपरा मुंबईतही नांदते आहे.

आता पैसे. ब्रिटनमधल्या छोट्या संगीतस्थळांसाठी २०१४ पासून काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टनं २०२४ चा हिशेब मांडला तेव्हा सुमारे ४४ टक्के जागा तोट्यात निघाल्या. सगळ्यांचा मिळून सरासरी नफा अर्धा टक्कासुद्धा नव्हता. जिथे ही चळवळ संघटित आहे तिथली ही स्थिती. त्यामुळे दुपारच्या मेळ्यानं हॉल श्रीमंत होईल या भ्रमात राहू नये. भाड्याचा बोजा वाटला जावा, एवढीच अपेक्षा धरावी. त्याच ट्रस्टच्या मागणीला प्रतिसाद देत कोल्डप्ले या बँडनं २०२५ मधल्या आपल्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा छोट्या जागांना देऊ केला. हाच बँड त्या वर्षी जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन दिवस वाजवून गेला. उपनगरांतली हजारो मुलं लोकलनं तिथे गेली. त्या तिकिटांतला एक टक्का जरी अंधेरी-घाटकोपरच्या लहान हॉलसाठी बाजूला निघाला असता तर किती दुपारी उघडल्या असत्या, हा विचार आपल्या आयोजकांनी आणि सरकारनं गंभीरपणे करावा.

कलाकाराला मोबदला द्यायचा का, हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो याचं मला वाईट वाटतं. ‘तुमचं नाव होईल’ असं सांगून नव्या मुलांना फुकट गायला लावणारी जागा स्वतःच्या मुळावर घाव घालते. मोबदल्याचा एक चांगला नमुना लंडनचा आहे. १९३९ च्या युद्धात तिथे रात्रीच्या अंधारबंदीमुळे सगळी सभागृहं बंद झाली, तेव्हा पियानोवादक मायरा हेस यांनी नॅशनल गॅलरीत दुपारी १ वाजता मैफली सुरू केल्या. चित्रं सुरक्षित जागी हलवल्यामुळे गॅलरी रिकामी होती. १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल, तिकीट एक शिलिंग, खायला सँडविच. बॉम्बवर्षावातही त्या थांबल्या नाहीत, तळघरात हलवल्या गेल्या. एप्रिल १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या आणि आठ लाखांवर लोकांनी त्या ऐकल्या. वादक जगप्रसिद्ध असो की नवखा, बिदागी सर्वांना सारखीच, पाच गिनी. हेस यांनी स्वतः काही घेतलं नाही. लहान हॉलला हा नमुना सोयीचा आहे: रक्कम छोटी ठेवा, पण सगळ्यांना सारखी द्या आणि कार्यक्रम संपताक्षणी हातात द्या. साउंडवाल्याला आणि झाडलोट करणाऱ्यालाही त्याच वेळी द्या.

पहिले सहा महिने तारीख बदलू नये. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ असं ठरलं की तेच. तीस माणसं आली तरी तोच वार, तीच वेळ. दाराशी एक वही ठेवून येणाऱ्याला विचारावं: कुठून आलात, कशानं आलात, किती वाजेपर्यंत थांबता येईल? चौथ्या महिन्यापर्यंत ती वहीच वेळापत्रक सांगू लागते. चारलाच बरेच जण उठत असतील, तर घरी सांभाळायची नातवंडं हे त्याचं कारण असू शकतं. मग मुलतानी तीनऐवजी अडीचला घ्यावा, रागाची घडी थोडी अलीकडे आली तरी चालेल. पाचला हॉल झाडून संध्याकाळच्या मंडळींच्या ताब्यात द्यावा आणि दुपारी आलेल्या ज्यांना थांबायचं असेल त्यांना संध्याकाळचं तिकीट अर्ध्या किमतीत द्यावं.